कान देऊन पाहायचे चित्रपट : स्वतंत्र चित्रपटगृहात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

छोट्या स्वतंत्र चित्रपटगृहाचं महिन्याचं वेळापत्रक पहिल्यांदा हातात पडलं की बरेच जण गोंधळतात. ओळखीचा नट नाही, ओळखीचं नाव नाही. एक माहितीपट मंगळवारी संध्याकाळी, तोही एकदाच. पन्नास वर्षांपूर्वीची एक कॉन्सर्ट फिल्म, म्हणजे संगीताच्या कार्यक्रमावरचा चित्रपट, शनिवारी रात्री उशिरा. मधेच कुठेतरी ‘खेळानंतर दिग्दर्शकाशी गप्पा’. जायची इच्छा असते, पण यातलं काय निवडावं आणि गेल्यावर नेमकं काय करावं, हे कुणी सांगत नाही. गेली कित्येक वर्षं मी अशा थिएटरांत जाते आणि ओळखीपाळखीतल्या अनेकांना त्यांच्या पहिल्या खेळाला सोबत घेऊन गेले आहे. त्या सगळ्यांना जे सांगत आले, तेच इथे लिहिते.

त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगते. माहितीपट आणि कॉन्सर्ट फिल्म हे दोन्ही प्रकार डोळ्यांइतकेच कानांनी पाहायचे असतात. हे एकदा लक्षात आलं की कोणता खेळ निवडायचा, कुठे बसायचं आणि नंतर कोणता प्रश्न विचारायचा, हे सगळंच सोपं होतं.

वेळापत्रक वाचताना

स्वतंत्र चित्रपटगृहात एक किंवा दोनच पडदे असतात आणि काय दाखवायचं हे तिथली माणसं स्वतः ठरवतात. ही परंपरा फार साध्या जागांमधून आलेली आहे. न्यूयॉर्कचं ‘फिल्म फोरम’ १९७० मध्ये सुरू झालं तेव्हा त्यांच्याकडे ५० घडीच्या खुर्च्या आणि एक प्रोजेक्टर होता. लंडनमध्ये २०१५ पासून ‘बर्था डॉकहाउस’ नावाचा एक पडदा केवळ माहितीपटांसाठी राखलेला आहे. जागा लहान असली तरी प्रत्येक खेळामागे कुणाची तरी निवड असते. म्हणून वेळापत्रकातल्या दोन-तीन ओळींच्या टिपणाला जाहिरात समजू नका, ते नीट वाचा.

त्या ओळीत चार गोष्टी शोधा. पहिली म्हणजे साल. दुसरी, लांबी. तिसरी, भाषा आणि उपशीर्षकं : चित्रपट कोणत्या भाषेत आहे आणि खालचा मजकूर कोणत्या भाषेत येणार, या दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि घाईत लोक इथेच फसतात. चौथी, प्रत कोणती आहे. ‘नव्याने पुनरुज्जीवित’ असं लिहिलेलं असेल तर मूळ फिल्मवरून चित्र आणि आवाज दोन्ही पुन्हा साफ करून घेतलेले असण्याची शक्यता असते, आणि जुन्या कॉन्सर्ट फिल्मच्या बाबतीत त्याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आवृत्तीही तपासा. ‘वुडस्टॉक’ हा ऑगस्ट १९६९ च्या संगीत महोत्सवावरचा चित्रपट १९७० मध्ये आला तेव्हा तीन तासांचा होता. १९९४ मध्ये निघालेली दिग्दर्शकाची आवृत्ती त्याहून सुमारे ४० मिनिटांनी मोठी आहे. शेवटची गाडी पकडायची असेल तर ही ४० मिनिटं आधी माहीत असलेली बरी.

‘एकच खेळ’ असं लिहिलेलं असेल तर ते खरं माना. आजकाल चित्रपट थिएटरकडे डिजिटल फायलींच्या संचाच्या रूपात येतो. तो बहुतेकदा कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली ठरावीक सर्व्हरवर, ठरावीक दिवस आणि तासांपुरतीच चालते. मुदत संपली की फाइल तिथेच असूनही उघडत नाही. त्यामुळे ‘उद्या परत लावा ना’ हे तिकीट खिडकीवरच्या माणसाच्या हातात नसतं. दुसरी बाजू अशी की माहितीपट पुढच्या आठवड्यात राहणार की जाणार, हे बरेचदा पहिल्या दोन-तीन दिवसांच्या गर्दीवर ठरतं. आवडेलसं वाटत असेल तर पहिल्याच दिवसांत जा.

ट्रेलरबद्दल माझं मत ठाम आहे. माहितीपटाचं ट्रेलर पाहू नये. त्यात सर्वांत मोलाचे दोन-तीन क्षण आधीच खर्च करून टाकलेले असतात. टिपणातल्या पहिल्या दोन ओळी वाचाव्यात आणि थांबावं.

पहिला खेळ कोणता निवडावा

नव्या माणसाला मी आधी कॉन्सर्ट फिल्मला नेते. त्या बँडची एकही चाल माहीत नसली तरी चालतं, खरं तर तेच चांगलं, कारण चाहता गाण्याची वाट पाहत बसतो आणि नवखा माणूस समोर घडणारं पाहतो.

त्याहून चांगली सुरुवात म्हणजे दोन्ही प्रकार एकत्र असलेला चित्रपट. १९६९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये एक मोठा संगीत महोत्सव झाला. त्याचं जवळपास ४० तासांचं चित्रण पुढे सुमारे पन्नास वर्षं पडून राहिलं आणि २०२१ मध्ये ‘समर ऑफ सोल’ या नावाने पडद्यावर आलं. त्यात गाणी तर आहेतच, पण तेव्हा गर्दीत उभी असलेली माणसं आज म्हातारपणी तेच चित्रण पाहतात आणि त्यांचे चेहरे आपल्याला दिसतात. आपण खरंच तिथे होतो, ते स्वप्न नव्हतं, याचा पुरावा त्यांना अर्ध्या शतकानंतर मिळतो. माहितीपट काय करू शकतो हे यातून जितकं लवकर कळतं तितकं व्याख्यानातून कळणार नाही.

फार लांबीचे आणि फार जड चित्रपट पहिल्याच दिवशी घेऊ नका. क्लोद लांझमान यांचा ज्यूंच्या संहारावरचा ‘शोआ’ (१९८५) नऊ तासांहून मोठा आहे आणि त्यात जुन्या चित्रणाची एकही फ्रेम नाही : फक्त आजच्या जागा, आजचे चेहरे आणि बोलणं, मधे दुभाष्याचा आवाज. तो आयुष्यात एकदा थिएटरात बसून पाहावाच, पण ऐकण्याची सवय झाल्यावर.

माहितीपटातला मृत्यू, मारहाण, रडणं खरं असतं. टिपणाखाली सूचना दिलेली असेल तर ती गांभीर्याने घ्या आणि शंका असेल तर कडेची खुर्ची घ्या. मधे उठून दोन मिनिटं बाहेर जाऊन येण्यात कसलाही कमीपणा नाही.

खुर्ची

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण खुर्ची चुकली तर अर्धा चित्रपट हातचा जातो.

चित्रपटगृहाचा पडदा कोरा कापडी दिसतो, पण जवळ जाऊन पाहिलात तर त्याला बारीक बारीक भोकं असतात. त्यामागे तीन स्पीकर असतात : डावा, मधला आणि उजवा. आवाज त्या भोकांमधून पुढे येतो, म्हणून बोलणाऱ्याच्या तोंडातूनच शब्द येतोय असं वाटतं. बोलणं आणि मुख्य गायकाचा आवाज यांचा बराचसा भार मधल्या स्पीकरवर असतो. भिंतींवर दिसतात ते आजूबाजूचे स्पीकर : माहितीपटात तिथून पाऊस, रस्ता, दूरची घंटा येते, कॉन्सर्ट फिल्ममध्ये टाळ्या आणि त्या मूळ सभागृहातला घुमारा येतो. याशिवाय अगदी खालच्या सुरांसाठी एक वेगळा स्पीकर असतो, जो कानापेक्षा छातीला कळतो.

हा सगळा मेळ जिथे बसून जमवला जातो, ती जागा साधारणपणे सभागृहाच्या मधोमध, पडद्यापासून दोन-तृतीयांश अंतरावर असते. तुम्हीही तिथेच बसा. अगदी कडेला, भिंतीला टेकून बसलात तर गायक दूर आणि टाळ्या थेट कानात, अशी अवस्था होते. फार पुढे बसलात तर तीन स्पीकर तीन दिशांना फाटतात. उपशीर्षकं असतील तर पुढच्या डोक्याचा अडथळा होणार नाही हे बसताक्षणी पाहून घ्या, अंधार झाल्यावर जागा बदलणं सगळ्यांनाच त्रासाचं होतं.

कॉन्सर्ट फिल्म मोठ्या आवाजात लावतात आणि लावायलाच हवी. चित्रपटगृहाची संदर्भपातळी, म्हणजे आवाज जुळवताना प्रमाण मानायची पातळी, ८५ डेसिबल धरलेली असते आणि पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरचा आवाज क्षणभरासाठी १०५ पर्यंत जाऊ शकतो. कान नाजूक असतील तर संगीतासाठी मिळणारे मऊ इअरप्लग जवळ ठेवा. ते आवाज कमी करतात पण चिखल करत नाहीत. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी तिकीट काढतानाच हिअरिंग लूपची सोय आहे का ते विचारावं. असली तर यंत्र ‘टी’ वर ठेवायचं की आवाज थेट त्यात येतो. तिथल्या लोकांना हा प्रश्न नवा नसतो, संकोच करू नका.

फोन बंद करा. नुसता निःशब्द नव्हे, बंद. अंधारात एक उजळलेला चौकोन चार रांगांना दिसतो.

दिवे गेल्यावर : माहितीपट

पहिली पाच मिनिटं डोळे मिटा असं मी सांगणार नाही, पण मनातल्या मनात एक प्रश्न धरून ठेवा : हा आवाज कुणाचा आहे आणि तो तिथलाच आहे का?

कुणीतरी पडद्यामागून सांगतंय का? मग ते निवेदन. सांगणाऱ्याला हे सगळं कसं माहीत, हे विचारा. माणसं कॅमेऱ्याकडे बघून बोलतायत का? मग ती मुलाखत, आणि प्रश्न कापून फक्त उत्तर ठेवलंय का ते ऐका. उत्तराच्या सुरुवातीला माणूस प्रश्नातलेच शब्द पुन्हा उच्चारतो तेव्हा समजावं की त्याला तसं बोलायला सांगितलंय. कुणीच काही समजावून सांगत नाही, नुसतं घडतंय? मग तिसरा प्रकार.

हा तिसरा प्रकार यंत्रांमुळे जन्माला आला. १९५० च्या दशकापर्यंत चित्राबरोबर जुळलेला आवाज बाहेर, रस्त्यावर टिपायचा म्हणजे गाडीभर सामान लागे. म्हणून माहितीपटात मुक्या चित्रांवर नंतर निवेदकाचा भारदस्त आवाज चढवत. १९६० च्या सुमारास खांद्यावर मावणारे १६ मिलिमीटरचे कॅमेरे आले, स्टेफान कुडेल्स्की यांचे नाग्रा टेप रेकॉर्डर आले, आणि दोन माणसं कुणाच्याही मागे खोलीत शिरू शकली. माणसं निवेदकाविना स्वतःच बोलायला लागली. अमेरिकी माहितीपटकार फ्रेडरिक वाइजमन यांनी १९६७ च्या पहिल्या चित्रपटापासून निवेदन, मुलाखती, वरून घातलेलं संगीत असं काहीच वापरलं नाही. चित्रीकरणात कॅमेरा दुसऱ्याच्या हातात असे आणि ध्वनिमुद्रण ते स्वतः करत. म्हणजे दिग्दर्शक कान लावून उभा, आणि कॅमेरा त्या कानामागे जातोय. त्यांचा एखादा चित्रपट वेळापत्रकात दिसला तर हे डोक्यात ठेवून बघा, लांबी मोठी असली तरी वेळ कसा गेला कळत नाही.

जुनं चित्रण वापरलेलं असेल तर आणखी सावध ऐका. जुन्या बातमीपटांचं बरंचसं मूळ चित्रण मुकं असतं. त्यावर ऐकू येणारी पावलं, घोड्यांच्या टापा, गर्दीची कुजबुज पुष्कळदा नंतर स्टुडिओत घातलेली असते. ही लबाडीच असते असं नाही. पण बंदुकीच्या आवाजाने तुम्ही दचकलात, आणि तो आवाज कालपरवा कुणीतरी निवडून तिथे ठेवला होता, हे कळणं महत्त्वाचं आहे.

हा प्रश्न माहितीपटाच्या जन्मापासूनचा आहे. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) मध्ये बर्फाच्या घरातला प्रसंग टिपायला आत पुरेसा उजेड नव्हता, म्हणून एका बाजूची भिंत नसलेलं घर बांधून त्यात चित्रपटातल्या इन्युइट कुटुंबाला झोपायला आणि उठायला लावलं. पडद्यावर ते उघड्या थंडीत कपडे चढवत होते. हे माहीत झाल्यावरही तो चित्रपट मला टाकाऊ वाटत नाही, पण मी कॅमेरा कुठे उभा होता हे शोधायला शिकले. तुम्हीही शोधा. रात्री दोन वाजता घरातलं भांडण दिसतंय? मग त्या खोलीत आणखी एक-दोन माणसं होती. त्यांना आत कुणी घेतलं?

एक व्यावहारिक टीप : जुनं चित्रण चौकोनी असतं आणि पडदा रुंद, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात. तो दोष नाही, उलट प्रक्षेपण बरोबर असल्याची खूण आहे. चेहरे आडवे फुगलेले दिसले तर मात्र गडबड आहे.

दिवे गेल्यावर : कॉन्सर्ट फिल्म

कॉन्सर्ट फिल्म म्हणजे कार्यक्रमाचं निव्वळ चित्रण, असा समज घेऊन लोक येतात. खरं तर ती संकलनाच्या टेबलावर पुन्हा रचलेली मैफल असते. कधी तीन-चार रात्रींचं चित्रण एका रात्रीसारखं जोडलेलं असतं, कधी चुकलेला सूर नंतर स्टुडिओत दुरुस्त केलेला असतो. ओळखायचं असेल तर वादकाच्या शर्टावरचा घाम पाहा. एका कडव्यात पाठ भिजलेली आणि पुढच्यात कोरडी, म्हणजे रात्र बदलली.

तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. कॅमेरा कट कुठे घेतो? चांगला संकलक समेवर कट घेण्याचा मोह टाळतो. तो तानेच्या मधे हात न घालता गायकाला श्वास घेऊ देतो. दुसरं, ज्याचा आवाज ऐकू येतोय तो दिसतो का? ढोलाचा तुकडा चालू असताना पडद्यावर गिटारवाल्याचे केस दिसत असतील तर मला राग येतो, आणि दोन-तीन फिल्मांनंतर तुम्हालाही येईल. तिसरं, प्रेक्षक कधी दाखवले आहेत? ‘टॉकिंग हेड्स’ या बँडवरच्या ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ (१९८४) मध्ये दिग्दर्शक जोनाथन डेमी यांनी जवळजवळ शेवटपर्यंत प्रेक्षक दाखवलेच नाहीत. कसं वाटायला हवं हे पडद्यावरच्या कुणाकडून शिकून न घेता तुम्ही थिएटरातलेच प्रेक्षक होता. त्याची सुरुवातही कानासाठी केलेली आहे : बँडचा गायक डेव्हिड बर्न मोकळ्या रंगमंचावर एकटा येतो, एक टेपरेकॉर्डर खाली ठेवतो, आणि ठेका सुरू होतो. तो ठेका प्रत्यक्षात त्या टेपमधून येत नव्हता, ध्वनिटेबलावरून ड्रम मशीनचा आवाज सोडलेला होता. मग एकेका गाण्याला एकेक वादक येत जातो आणि आवाज थर चढवत वाढतो. थिएटरात हे वाढणं अंगावर येतं. फोनवर ते नुसतं समजतं.

कॅमेऱ्यांची मर्यादाही कथेचा भाग असते. ३५ मिलिमीटर फिल्मचं हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. सगळे कॅमेरे एकदम रिकामे होऊ नयेत म्हणून आलटून पालटून रीळ बदलावं लागतं. १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये चित्रित झालेल्या ‘द लास्ट वॉल्ट्झ’ या कॉन्सर्ट फिल्ममध्ये ब्लूज गायक मडी वॉटर्स यांचं गाणं सुरू झालं तेव्हा सात कॅमेऱ्यांपैकी एकच चालू होता. त्यामुळे त्या गाण्यात कॅमेरा त्यांच्यावरून हलत नाही. पर्याय नव्हता म्हणून झालेली ती गोष्ट मला त्या फिल्ममधली सर्वांत चांगली मिनिटं वाटते.

आणि आवाज चुकला तर काय होतं त्याचंही उदाहरण आहे. अमेरिकी गायिका अरिथा फ्रँकलिन यांनी जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री भक्तिगीतं गायली. चित्र एका यंत्रावर, आवाज दुसऱ्या यंत्रावर. दोन्ही जुळवण्यासाठी प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला पाटी आपटतात : चित्रात पाटी मिटल्याची फ्रेम आणि ध्वनीत ‘टप्’ एकमेकांवर ठेवले की पुढचं सगळं जुळतं. तिथे पाटी आपटलीच नव्हती. ओठ आणि सूर जुळेनात म्हणून ती फिल्म डब्यातच राहिली आणि ‘अमेझिंग ग्रेस’ या नावाने पडद्यावर यायला २०१८ उजाडलं. तो चित्रपट पाहताना मी पहिली काही मिनिटं फक्त ओठांकडे बघत होते.

टाळ्या वाजवाव्यात का? नाचावं का? खेळाच्या टिपणात ‘सोबत गा’ किंवा ‘उभं राहून’ असं काही लिहिलं असेल तर खुशाल. नाहीतर सभागृहाकडे पाहून ठरवा. गाणं संपल्यावर दाद देणं बहुतेक ठिकाणी चालतं आणि मला ते फार आवडतं. गाणं चालू असताना शेजाऱ्याला शब्द गाऊन दाखवणं मात्र नको. तो गायकाला ऐकायला आलेला असतो.

काही बिघडलं तर

काही वर्षांपूर्वी एका छोट्या थिएटरात मी एक जुनी कॉन्सर्ट फिल्म पाहत होते. पहिल्या दोन गाण्यांत ढोल आणि गिटार कडेने छान येत होते, पण गायिकेचा आवाज पडद्याआड कुणी उशी दाबून धरल्यासारखा. मला वाटलं, जुनं ध्वनिमुद्रण आहे, असंच असेल. तिसऱ्या गाण्यात कॅमेरा अगदी जवळ गेला. माइकला ओठ टेकलेले, मानेची शीर तटतटलेली, आणि कानावर येत होती लांबून यावी तशी कुजबुज. दोन रांगा पुढचे एक वयस्कर गृहस्थ उठले आणि बाहेर गेले. पाच मिनिटांत दिवे अर्धे लागले, फिल्म थांबली. मधल्या स्पीकरला आवाज पुरवणारं यंत्रच चालू झालेलं नव्हतं. फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली. पहिली ओळ पडद्याच्या ऐन मध्यातून आली आणि अंगावर सर्रकन काटा आला. आम्ही साठेक जण तोवर गुपचूप बसून होतो.

म्हणून सांगते, उठा. बोलणं अस्पष्ट, चित्र ताणलेलं, उपशीर्षकं गायब किंवा कापलेली, पडद्याचा कोपरा धूसर : काहीही खटकलं तर पहिल्या पाच मिनिटांत बाहेर जाऊन दारावरच्या माणसाला सांगा. काय दिसतंय किंवा ऐकू येतंय तेवढंच सांगा, कारण शोधायचं काम त्यांचं. ‘गायकाचा आवाज मधून येत नाहीये’ एवढं पुरतं. आता प्रक्षेपण पुष्कळदा आपोआप चालतं आणि प्रक्षेपक खोलीत कुणी बसलेलं असेलच असं नाही. तुम्ही सांगितलं नाही तर त्यांना कळण्याचा मार्गच नसतो. आणि ‘मला काय कळतंय त्यातलं’ असं म्हणून गप्प राहू नका. कान नव्या माणसाचेही खरंच सांगतात.

नामावली आणि त्यानंतरच्या गप्पा

दिवे लागेपर्यंत बसा. माहितीपटाच्या नामावलीत जुनं चित्रण कुठल्या संग्रहातून आलं, पैसे कुणी दिले, संशोधन कुणी केलं हे असतं, आणि मघापासून छळणाऱ्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं तिथे मिळतात. कॉन्सर्ट फिल्मच्या नामावलीत गाण्यांची यादी असते. शिवाय नामावलीमागे बरेचदा आणखी एक गाणं वाजतं, ते पूर्ण ऐका.

खेळानंतर बनवणारी माणसं येणार असतील तर थांबाच. प्रश्न एका वाक्यात विचारा. स्वतःची मतं सांगायला बाहेरचा व्हरांडा असतो. ‘यातून काय संदेश द्यायचा होता?’ हा प्रश्न सोडा, त्याला कुणीच मनापासून उत्तर देत नाही. त्याऐवजी : किती तासांच्या चित्रणातून हे निघालं? कापताना सर्वांत जड काय गेलं? अमुक प्रसंगात मागे जो रेडिओ वाजत होता, तो खरंच वाजत होता का? हा शेवटचा प्रश्न मी एकदा विचारला आणि चित्रपटाचं ध्वनिमुद्रण करणारी बाई, जी तोवर मागच्या रांगेत बसली होती, तिला मंचावर बोलावलं गेलं. पुढची वीस मिनिटं तिचीच झाली.

आणखी एक प्रश्न नेहमी विचारण्यासारखा आहे : ज्यांच्यावर हा चित्रपट आहे त्यांनी तो पाहिला का, आणि ते काय म्हणाले? ज्यां रूश आणि एदगार मोरँ या फ्रेंच जोडीने १९६० च्या उन्हाळ्यात पॅरिसमधल्या माणसांना घेऊन ‘क्रॉनिकल ऑफ अ समर’ (१९६१) केला. त्याच्या शेवटाकडे तीच माणसं छोट्या सभागृहात बसून आपलंच चित्रण पाहतात. दिवे लागतात आणि वाद सुरू होतो : अमुक जण खोटं वागली, तमुक जण फारच उघडी पडली. ज्यांनी मनापासून दिलं त्यांच्यावरच नाटकीपणाचा आरोप होतो. खेळानंतरच्या गप्पांना जाल तेव्हा तो प्रसंग आठवा आणि पडद्यावरच्या माणसाबद्दल बोलताना तो मागच्या रांगेत बसलेला असू शकतो असं धरून बोला. कधी कधी तो खरोखरच बसलेला असतो.

निघताना दोन कामं करा. थिएटरच्या पत्रिकेसाठी नाव नोंदवा, कारण एकाच खेळाचे चित्रपट तिथेच आधी जाहीर होतात. आणि तुम्हाला पाहायचा असलेला एखादा चित्रपट दारावरच्या माणसाला सांगून या, चिठ्ठीवर लिहून दिलात तर आणखी बरं. लहान थिएटरांत अशा चिठ्ठ्या वाचल्या जातात. गेल्या वर्षी मी दिलेल्या चिठ्ठीवरचा माहितीपट सात महिन्यांनी वेळापत्रकात आला, गुरुवारी, एकच खेळ. मी दोन-तृतीयांश अंतरावर, मधोमध जाऊन बसले.